ही बांगडी अलिबागहून आली आहे का?

मुंबईत एखाद्याला बावळट म्हणायचं असलं की ‘अलिबाग से आया है क्या?’ असं विचारतात. हा प्रश्न इतका झोंबला की २०१९ मध्ये त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असं म्हणून न्यायालयाने ती फेटाळली. आम्ही अलिबागकरांनी निकाल शिरोधार्य मानला. माझी तक्रार वेगळीच आहे. हा प्रश्न जिला खरोखर विचारायला हवा तिला कोणी विचारत नाही. चांदीच्या जुन्या बांगडीला.

चांदीची जुनी, काळपट, हाताला जड लागणारी बांगडी दिसली की समोरचा माणूस ताबडतोब तिचं गाव सांगतो आणि ते गाव कधीही अलिबाग नसतं. तिबेट असतं, ओमान असतं, ब्रह्मदेश असतं, फारच जवळचं म्हणजे कच्छ. पेण, नागाव, चौल, मुरुड असली गावं बांगडीच्या जन्माला चालत नाहीत. तिथे फक्त माणसं जन्मतात.

आवास-सासवण्याकडे मुंबईकरांचे जे बंगले झालेत, त्यांतल्या एकात भिंतीवर काचेच्या चौकटीत मखमलीवर आठ चांदीची कडी लावलेली मी पाहिली. खाली इंग्रजीत पाटी होती, उत्तर थायलंडच्या डोंगरी जमातींचे अलंकार. मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट लागायला लागली, तेव्हापासून गाड्यांबरोबर अशा पाट्याही बऱ्याच उतरल्या आहेत. चहा घेऊन आलेल्या बाई त्याच गावच्या. त्यांनी चौकटीकडे पाहून मालकिणीला सहज सांगितलं, ‘‘ही वाळी ना? आमच्या पोरांच्या पायात होती अशी.’’ मालकीणबाई हसल्या आणि मला हळूच म्हणाल्या, ‘‘बघा, किती युनिव्हर्सल डिझाइन आहे!’’ वाळी थायलंडचीच राहिली.

पायातलं की हातातलं, इथूनच गोंधळाला सुरुवात होते. आपल्याकडे सोनं कमरेखाली घालायचं नाही हा नियम, त्यामुळे पायात चांदी. हातात सोनं घालायचं, पण ते परवडेल त्याने. ज्यांना परवडत नव्हतं, त्या बायकांच्या मनगटावरही चांदीच होती. म्हणून एखाद्या घरातून चांदीची बांगडी निघाली की आधी मूळ शोधत नाहीत, आधी ती हातातली नव्हती हे सिद्ध करतात. ‘‘आमच्याकडे हातात चांदी? छे! पैंजण असतील. नाहीतर देवीचे तोडे.’’ पैंजणांचा व्यास अडीच इंचांच्या आत असेल, तर ते घालणाऱ्या पूर्वजाचा घोटा केवढा होता हा प्रश्न विचारायचा नसतो. बांगडीवाल्याकडे सरळ हिशेब आहे. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर सहा सोळांश. पट्टी लावली की मनगट की घोटा ते कळतं. पण घरात पट्टी सापडेपर्यंत वंशाचा इतिहास लिहून झालेला असतो.

आमच्या घरातही आजीचा एक जोड आहे. भरीव, पिळाची, जिथे तोंड उघडतं तिथे समोरासमोर दोन प्राण्यांची मुंडकी. हा प्राणी कोणता यावर आमच्या घराण्यात जितके पक्ष आहेत तितके विधानसभेत नसतील. मोठ्या काकांच्या मते सिंह. आत्याच्या मते वाघ, कारण देवीचं वाहन. पुण्याच्या मावशींनी पुस्तक पाहून मकर ठरवला. माझ्या पुतण्याला डायनासोर दिसला. शेजारच्या कोळीणबाईंनी जोड हातात घेतला, मुंडक्याचा वासलेला जबडा पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘बोंबील!’’ वस्तुनिष्ठ निरीक्षण म्हणून मला तेच सर्वांत पटलं.

गंमत बाजूला ठेवली तरी यातून काही सिद्ध होत नाही. मकरमुखी कडं हिंदुस्थानभर होतं. इराणात सिंहाची मुंडकी होती, चीनमध्ये ड्रॅगनची. हे सगळे प्राणी चांदीत घडवून, शंभर वर्षं मनगटावर घासून गुळगुळीत केले की शेवटी सारखेच दिसतात. नाक जातं, कान जातात, उरतं ते वासलेलं तोंड.

चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर पाहून फोटो मागवले आणि मोबाइलमधल्या शोधयंत्राला दाखवले. पहिल्या फोटोला उत्तर आलं, तुर्कमेन. फोटो उलटा धरला तर चीनमधली मियाओ जमात. फ्लॅश मारल्यावर राबारी, कच्छ. खिडकीपाशी नेऊन काढलेल्या चौथ्या फोटोला यंत्राने एका ऑनलाइन दुकानातली तशीच बांगडी दाखवली, नवीकोरी, सवलतीत. भाऊ मात्र खचला नाही. हा दागिना दोनशे वर्षांपूर्वीचा तरी असणारच, असं त्याने जाहीर केलं आणि पुढच्या खेपेला एक बांगडी नेण्याचा हक्क सांगितला.

मग मी त्याला १९७२ चा पुरावशेष आणि कलाकोष कायदा सांगितला. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेष धरली जाते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. मग तो म्हणाला, ‘‘तसं पाहिलं तर आजीचं लग्न १९३५ च्या आसपासचं. म्हणजे नव्वदच.’’ दोनशे वर्षांची बांगडी एका वाक्यात एकशेदहा वर्षांनी तरुण झाली. असं कायाकल्पाचं औषध च्यवन ऋषींनाही मिळालं नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की जुन्या चांदीचं वय आणि गाव कशासाठी विचारता यावर असतं. वाटणीच्या वेळी ती ‘अशीच, बाजारातून घेतलेली’ असते. वाटणीत आपल्याकडे आल्यावर पेशवेकालीन होते. विकायला काढली की शिवकालीन. आमच्या जिल्ह्यात पेशवेकालीन म्हणायला कारणही आहे, बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे. १७१३ मध्ये त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली आणि तेव्हापासून श्रीवर्धनपासून उरणपर्यंतच्या प्रत्येक कोनाड्यातली प्रत्येक समई पेशवेकालीन आहे. त्यांचं भट कुटुंब जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचाने श्रीवर्धन सोडून गेलं, तेव्हा जीव घेऊन निघालेल्या माणसांनी इतका सरंजाम मागे ठेवला असेल तर आश्चर्यच आहे.

काका आंग्र्यांच्या बाजूचे. अलिबागच्या कुलाब्याला आंग्र्यांची स्वतःची टांकसाळ होती, अलिबागी रुपया होता, तेव्हा चांदी तिथलीच, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा वाईट नाही. मग मुरुडच्या बाजूचे एक स्नेही म्हणाले, कशावरून? जंजिऱ्याच्या नवाबाकडे काठेवाडातलं जाफराबादही होतं, थेट १९४८ पर्यंत. म्हणजे एकाच संस्थानाचा एक पाय मुरुडच्या किनाऱ्यावर आणि दुसरा सौराष्ट्रात. माणसं, कागद, गलबतं येत-जात होती, तर एक बांगडी आली नसेल? झालं, काठेवाडी पक्षही सभागृहात आला.

आणि हा किनारा काही साधा नाही. चौलला दहाव्या शतकात अरबी प्रवासी अल-मसूदी येऊन गेला, पंधराव्यात रशियाचा अफनासी निकितीन घोडा विकायला म्हणून उतरला, सोळाव्यात पोर्तुगीज आले ते १७४० पर्यंत हललेच नाहीत. कोर्लईला आजही काही घरांत पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. अलिबागच्या इस्रायल आळीतली, नवगावची, रेवदंड्याची बेने इस्रायल कुटुंबं, नवगावकर, रेवदंडेकर, केहीमकर, इंग्रजांच्या नोकरीत एडनला, कराचीला, रंगूनला राहून आली. श्रीवर्धन-म्हसळ्याचे खलाशी आगबोटींवर हाँगकाँग ते झांजिबार हिंडले. यांतला प्रत्येक जण परत येताना बायकोसाठी काहीतरी घेऊन आला असेल. निदान मागायचं तरी बायकांनी सोडलं नसेल. तेव्हा बांगडी कुठून येऊ शकते याची यादी करायची तर शाळेचा नकाशा भिंतीवरून काढून टेबलावर पसरावा लागतो.

शेवटी जोड घेऊन सोनारदादांकडे गेलो. पिढीजात माणूस, चष्मा कपाळावर, बोलणं कमी. त्यांनी प्राण्याकडे पाहिलंच नाही. आधी चुंबक लावला. चिकटला नाही. मी म्हटलं, म्हणजे चांदी! ते म्हणाले, ‘‘म्हणजे लोखंड नाही.’’ तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर यांपैकी कशालाही चुंबक चिकटत नाही आणि जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदीचा कणही नसतो, नुसतं तांबं, जस्त आणि निकेल. मुंबईत ट्राम विजेवर चालायला लागणार म्हणून १९०४ साली तिथल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवावी लागली. इतकी वर्षं गावात पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जातंय, आणि आमच्या घरातली चांदी ओळखायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

मग त्यांनी वजन केलं. जोड मिळून दोनशे एकतीस ग्रॅम. दादांनी डोळे मिटून भागाकार केला. ‘‘वीस रुपयेभार.’’

इथून पुढे ज्ञानाचा भाग आहे. कंपनी सरकारने १८३५ पासून सगळीकडे एकाच वजनाचा रुपया पाडला, एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, टक्क्यांत साडेएक्क्याण्णवच्या पुढे. आपल्या आज्या ज्याला राणीछाप बंदा रुपया म्हणत तो हाच. १९४० साली सरकारने त्यातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये ती पार काढून निकेल घातलं. मधल्या शंभर वर्षांत दागिना करायचा म्हणजे पेटीतले रुपये मोजून सोनाराच्या हाती द्यायचे. तो समोर बसून वितळवणार, घडवणार, मजुरी वेगळी घेणार. म्हणून जुनी चांदी ग्रॅममध्ये वेडीवाकडी भरते आणि रुपयांत मोजली की सरळ होते. वीस रुपयांचं वजन दोनशे तेहतीस ग्रॅम. आमचा जोड दोनशे एकतीस.

‘‘दोन ग्रॅम कमी का?’’ मी विचारलं.

‘‘घट,’’ दादा म्हणाले. मग चष्मा खाली घेऊन म्हणाले, ‘‘कारागीर कुठला ते नाही सांगता येणार. पण सोनार होता, एवढं नक्की.’’

टंच, म्हणजे चांदीचा कस, काढला तो एक्क्याण्णवच्या आसपास आला. म्हणजे रुपयाचीच चांदी. पोर्तुगीज, अल-मसूदी, बाळाजी विश्वनाथ सगळे एका दमात बाद. १८३५ च्या आधीची ही बांगडी असणं कठीण. काकांचा चेहरा पाहवेना. टंच चौऱ्याऐंशीच्या आत आला असता तर मजा वेगळी होती. मग संशय मारिया थेरेसाच्या डॉलरवर जातो. ही ऑस्ट्रियाची राणी १७८० मध्ये वारली, पण अरबस्तानात आणि इथिओपियात लोकांना तिच्या मुखवट्याशिवाय दुसरं नाणं पटेना, म्हणून पुढे दीडशे-दोनशे वर्षं तेच नाणं, तेच १७८० साल घालून पाडत राहिले. ओमान-येमेनच्या कारागिरांची ही हुकमी कच्ची चांदी. यातली खरी बातमी पुढे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे नाणं मुंबईच्या टांकसाळीतही पाडलं गेलं. तेव्हा कोणी छाती फुगवून अस्सल अरबी, सन १७८० च्या चांदीचं कडं दाखवलं, तर ती चांदी फोर्टात, मांडव्याच्या धक्क्यावरून बोटीने तासाभराच्या अंतरावर, १९४० नंतर नाणं झालेली असू शकते.

निदान आमची बांगडी रुपयाची, म्हणजे इथलीच, असं म्हणून मी उठणार तोच दादांनी पुन्हा बसवलं. रुपया काय फक्त इथे चालत होता? एडनला चालत होता, पूर्व आफ्रिकेत चालत होता, रंगूनला चालत होता, आखातात तर १९६० नंतरही काही वर्षं चालत होता. मस्कतचा सोनारसुद्धा राणीछाप रुपये वितळवून कडं करू शकतो. आणि रुपयातली चांदी तरी कुठली? आपल्या देशात तेव्हा चांदी जवळजवळ निघतच नव्हती. शतकानुशतकं ती बाहेरून, जहाजांनी आली. बोलिव्हियात पोटोसीचा डोंगर १५४५ मध्ये सापडला, तिथली चांदी स्पेनच्या नाण्यांच्या रूपाने जगभर फिरत सुरतेला यायची, वितळायची, रुपये व्हायची. रुपयाची बांगडी, बांगडी मोडून तोडे, तोडे मोडून वाळे, अडीनडीला वाळे मोडून पुन्हा पैसे. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. त्या यादीत चांदी घालायची राहून गेली, कारण म्हण करणाऱ्याच्या घरी बहुधा वाटणी झाली नव्हती.

मग ओळखायचं कशावरून? दादांच्या मते प्राणी, फुलं, वेलबुट्टी यांवरून नाहीच. नक्षी कोणीही कोणाची उचलतो, गिऱ्हाईक शेजारणीची बांगडी दाखवून ‘अश्शीच’ म्हणतं. बांगडी आतून पाहायची आणि जोडावर पाहायची. फिरकी असेल तर तिचे आटे पाहायचे. जुना कारागीर तार गुंडाळून डाख लावून आटे करायचा, ते कधी एकसारखे नसतात. यंत्राचे आटे शिस्तीत असतात. कडं फार मोठं पण हलकं लागलं तर आत लाख भरलेली असण्याचा संभव, तो माल राजस्थानकडचा किंवा दख्खनचा. आतल्या बाजूला दुकानाचा छाप असला तर देवासारखा. अक्षरं नागरी वळणाची पण शिरोरेघ नसेल तर बहुधा गुजराती. भुजच्या उमरशी मावजींनी इंग्रजीत ‘ओ. एम. भुज’ असा ठसा मारला, त्यांचा माल आज जगभरच्या लिलावांत जातो. चिनी बांगडीवर बहुतेकदा दुकानाचं नाव आणि ‘चोख चांदी’ अशा अर्थाची चिनी अक्षरं असतात. ती सरकवून लहानमोठी करता येते आणि अंगावर बांबूची पेरंही असतात. हॉलमार्क दिसला तर शोध तिथेच थांबवायचा. आपल्याकडे चांदीला तो २००५ पासून आहे.

आमच्या जोडावर छाप नाही. कोकणातल्या सोनाराला छापाची गरजच काय होती? बिघडली तर गिऱ्हाईक संध्याकाळी दारात येऊन बसत असे.

काळेपणावर मात्र बिलकूल विश्वास ठेवू नये. चांदी गंधकाने काळी पडते आणि आमच्याकडे खाडीच्या चिखलातून जो कुजक्या अंड्याचा वास येतो तो गंधकाच्याच वायूचा. त्यात दमट हवा. काल हुपरीहून आणलेले नवे पैंजण इथे उघडे ठेवले तर पावसाळ्यात म्हातारे दिसायला लागतात. शहरातले दुकानदार हाच परिणाम साधायला औषधं वापरतात म्हणे. त्यांनी माल सरळ आमच्याकडे ठेवायला द्यावा, वाजवी भाड्यात शतक चढवून देऊ. उलट अस्सल जुन्या चांदीचं आमच्याकडे काय होतं? दिवाळीच्या आधी आत्या चिंच आणि रांगोळी घेऊन बसते. दोन तासांत बोंबलाचे उरलेसुरले दातही जातात आणि बांगडी नव्यासारखी लखलखते. मग तीच आत्या म्हणते, ‘‘आता कोणाला वाटेल ही पेशवेकालीन आहे?’’

तर निकाल असा. आमची बांगडी १८३५ ते १९४० यांमधली, राणीछाप किंवा त्याच्या मागच्यापुढच्या रुपयाची, झांजिबार ते रंगून यांमधल्या कुठल्यातरी सोनाराने केलेली, आणि आजी नागाव सोडून कधी पनवेलच्या पुढे गेली नाही हे लक्षात घेता, तो सोनार चार मैलांच्या आतला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. हा निकाल घरात एकालाही मान्य नाही. काका अपिलात गेले आहेत.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. तुमच्याकडे अशी बांगडी असेल तर ती कुठली हे कोणाला विचारत बसू नका, कोणाची होती हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा आणि चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवा. चिंच लावू नका. मोडीत काढायचीच वेळ आली तर आधी तोळ्यांत वजन करा आणि टंच स्वतःच्या डोळ्यांदेखत काढून घ्या. जुन्या रुपयाची चांदी एक्क्याण्णव टक्के असते. ‘जुनाट माल आहे, साठ टक्के धरू’ म्हणणाऱ्याला बांगडी देऊ नका.